अर्धा लिटर

पहाटे पावणेपाचला दूध बाजारात
आधी माझं माप बोलतं, मग मी.
दगू पिंगळ्याच्या किटल्या मखमलाबादहून येतात,
झाकणांना अजून गोठ्याची ऊब.
लॅक्टोमीटर सोडतो, तो डुलतो, ठरतो,
तसा भाव ठरतो.
एकवीस वर्षं हेच.

फेब्रुवारीत नेत्रा म्हणाली,
बाबा, उद्यापासून माझं दूध नको.
दूधवाल्याच्या घरात हे वाक्य
पातेल्यात मीठ पडावं तसं पडलं.
तिची आई चहा गाळत होती,
गाळणं हातातच राहिलं.
मी विचारलं, पोट बिघडलं का?
ती म्हणाली, रेडकाचं काय होतं
ते पाहून आले.

मी भांडलो नाही.
रेडकाचं काय होतं ते मलाही ठाऊक आहे.
नर निघाला तर दगूच्या वहीत
त्याची नोंद नसते,
नुसती खाडाखोड असते.

पण मी हिशेबाचा माणूस.
तिचं अर्धा लिटर गेलं कुठे,
म्हणून वही धुंडाळली.
कुठेच गेलं नव्हतं.
अशोक स्तंभाजवळच्या मेसवाल्याने
दोन रुपये सोडताच उचललं होतं.
होस्टेलच्या पोरांच्या पातळ कढीत
तिचं न पिणं
कोणीतरी स्वस्तात प्यालं.

मी तिला सांगितलं, जरा हसूनच,
म्हशीला कळलंसुद्धा नाही बघ.
ती म्हणाली,
एकटीचं नाहीच कळणार.

मग कॉलेज रोडच्या कॅफेने
रोजच्या चाळीस लिटरमधले नऊ कमी केले.
काचेमागे खोक्यांची रांग,
ओट, सोया, बदाम.
किंमत आमच्या चौपट.
हे घेतं कोण रे?
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, घेतात काका,
दूध नको म्हणून जादा पैसे देतात.
जन्मभर मला जादा पैसे मिळाले ते
पाणी नको म्हणून.

मग गंगापूर रोडची एक सोसायटी,
मग जिमवाला, त्याला वाटाण्याची पावडर.
पाव लिटर. पाऊण लिटर.
वहीत लाल शाईचे मुंगळे.
आणि त्याच महिन्यात सातपूरला
नव्याने कायम झालेल्या कामगारांच्या घरी
आठवड्यातून दोनदा पनीर सुरू झालं.
एक पान कमी, एक पान जास्त,
बेरीज करावी तर पेन अडतं.

उरलेलं खव्याला घातलं.
कढईपाशी उभा राहून खुरपणीने ढवळत राहिलो.
सगळ्यांनीच खव्याला घातलं होतं.
खवा उतरला.

दगू दर आषाढात घोटीच्या बाजारातून
एक म्हैस आणतो.
यंदा दावं घेऊन गेला,
दावं घेऊनच आला.
भाव बसेना, म्हणाला.
मग तंबाखू मळत,
तुझ्या पोरीला विचार,
बदामाचं झाड नाशकात लागतं का?

त्या रात्री वहीत लिहायला गेलो.
आलेल्या जनावराला रकाना आहे,
विकलेल्याला आहे, मेलेल्याला आहे.
न आणलेल्या म्हशीला रकाना नाही.
तिच्या पुढच्या वर्षी न होणाऱ्या रेडकाला तर
खाडाखोडसुद्धा नाही.

नेत्राला वाटलं होतं मी ओरडेन.
तिने सगळं ऐकून घेतलं,
जिंकल्यासारखी दिसली नाही.
दगूकाकांचं मग कसं? म्हणाली,
आणि मिक्सरचं भांडं धुवायला घेतलं.
उत्तर तिच्याकडे नव्हतं,
माझ्याकडेही नव्हतं.
भांडं तिने दोनदा धुतलं.

ती झोपल्यावर ओट्यापाशी गेलो.
तिचं सोयाचं दूध
फडक्यातून गाळून पातेल्यात झाकलेलं.
वास कच्च्या शेंगेचा.
खिशातला लॅक्टोमीटर काढला,
कोणी बघत नाही हे बघितलं,
सोडला.

डुलला, ठरला.
बावीस.

बाविसाचं दूध मी परत पाठवतो.
एकवीस वर्षांत एकदाही ठेवून घेतलं नाही.
पातेलं हातात धरून
बराच वेळ तिथेच उभा होतो,
हे परत पाठवायचं
कोणाकडे?